लाल दोऱ्याची गाठ

भाऊसो खोतांच्या युकुलेलेची जाड तार कुणीतरी बदलली होती. नुसती चोरीला गेली असती तर भाऊसोंना एवढं नवल वाटलं नसतं. संधी मिळाली की माणूस हात मारतोच, हे त्यांचं सत्तर वर्षांचं ठाम मत होतं. इथली भानगड निराळी होती. गुरुवारी खरखरणारी तार शनिवारी लोण्यासारखी वाजत होती. वाईट माल जाऊन त्याच्या जागी चांगला आला होता, आणि कुणी त्याचं श्रेय मागायला पुढे येत नव्हतं. असलं काही पाहिलं की भाऊसो सावध व्हायचे. माल आपोआप सुधारत नसतो.

माधवनगरात भाऊसोंचा संशय प्रसिद्ध होता. दूधवाला माप ओतायचा तेव्हा ते वाकून मापाच्या तळाकडे बघायचे. गूळ घरी आणून पुन्हा तोलायचे. लग्नाच्या पंगतीत वाढप्याने दोनदा आग्रह केला की ह्यांना वाटायचं, जिलेबी कालची असणार. घरातही सुटका नव्हती. गेल्या वर्षभरात तर त्यांची चंद्राबाईंवर, म्हणजे स्वतःच्या बायकोवर, बारीक नजर होती. चहाचा स्टीलचा पेला गायब होऊन त्याच्या जागी कानाचा कप आला होता. आंघोळीचं पाणी ती स्वतः विसणून ठेवायची, ह्यांना बंबापाशी फिरकू देत नव्हती. सुपारी कातरून हातात यायची आणि अडकित्ता कुठे दिसत नव्हता. विचारलं की म्हणायची, "आसंल हितंच कुटं तरी." भाऊसोंनी हे सगळं मनात टिपून ठेवलं होतं.

संशय हा त्यांचा स्वभाव खरा, पण आधी तो त्यांचा धंदा होता. माधवनगरच्या एका मिलमध्ये त्यांनी पंचवीस वर्षं सूत तपासलं, आणि मिल बंद पडल्यावर साठीपर्यंत पॉवरलूमवाल्यांचं कापड. सुताचा धागा अंगठा आणि तर्जनीत धरायचा, डोळे मिटायचे, हळू फिरवायचा. कुठे जाड, कुठे बारीक, कुठे कच्चा पीळ, सगळं बोटाला कळायचं. मग तांबड्या पेन्सिलीने पास किंवा नापास, आणि खाली सही. एकदा मुंबईहून आलेल्या साहेबाने मशीन लावून त्यांचा निकाल तपासला होता, तर मशीन चुकलं होतं. ही गोष्ट भाऊसो अजून सांगतात आणि ऐकणारे अजून ऐकतात, काय करणार!

चंद्राबाई त्याच मिलमध्ये वाइंडिंग खात्यात, म्हणजे सूत शंकूसारख्या कोनावर गुंडाळायच्या कामावर होत्या. जत तालुक्यातल्या. दुष्काळात मामाकडे आलेल्या आणि मामानेच कामाला लावलेल्या. सूत तुटलं की बायकांनी गाठ मारून पुढे चालवायचं. ती वाइंडिंगची गाठ म्हणजे वेगळीच कला. चपटी, घट्ट, दोन्ही टोकं नखाने तोडलेली, सुईच्या नेढ्यातून सुद्धा निघून जाईल अशी. चंद्राबाई आणखी एक गोष्ट करायच्या. शंका आली की सूत खालच्या ओठावरून ओढून बघायच्या. ओठाला बोटाहून जास्त कळतं, असं त्यांचं म्हणणं. तरुण भाऊसोंनी ते पाहिलं आणि त्याच दिवशी रिपोर्ट लिहिला: 'सदर कामगार सुताला थुंकी लावते.' पुढच्या वर्षी मामाने त्याच रिपोर्ट लिहिणाऱ्याला भाची दिली. पंचेचाळीस वर्षं झाली, चंद्राबाई तो रिपोर्ट विसरलेल्या नाहीत.

आता युकुलेलेचं. नात रेश्मा साताऱ्याला कॉलेजात शिकते. तिने हौसेने घेतलं आणि दोन महिन्यांत खुंटीला टांगलं. चार तारांचं, गिटारच्या पिलासारखं ते वाद्य बघून भाऊसो म्हणाले, "पैसं दिल्यात न्हवं? मग वाजाय पायजे." आणि पिशवीत घालून एसटीने घेऊन आले. पूर्वी ते मिलच्या भजनात एकतारी धरायचे. त्यांचा आवाज खर्जातला, म्हणून सांगलीच्या दुकानातून युकुलेलेचा सूर खाली उतरवून घेतला. त्यासाठी सगळ्यात वरची तार जाड लागली: आत नायलॉन, वरून तांब्याची केसासारखी तार गुंडाळलेली. दर गुरुवारी दत्ताच्या देवळात चार म्हातारे जमायचे, त्यात भाऊसो ते वाजवायचे. पहिल्यांदा लोक हसले. मग हसायचे थांबले, कारण वाजायचं चांगलं.

त्यात भाऊसोंचा जीव का अडकला होता, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. साखरेच्या आजाराने त्यांची बोटं गेली होती. हलायची, वाकायची, सगळं करायची. पण टोकांना काही कळत नव्हतं. सूत धरलं तरी हवा, लोखंड धरलं तरी हवा. ज्या बोटांवर अख्खी मिल विश्वास टाकायची ती मुकी झाली, आणि भाऊसोंनी हे गुपित कुणाला सांगितलं नव्हतं. फक्त युकुलेले हाती घेतलं की बोट कुठे पडलं ते कानाला कळायचं. तेवढ्या वेळापुरती बोटं पुन्हा कामावर हजर व्हायची. त्यांच्या बोटांची ती शेवटची नोकरी होती.

आणि तीच जायची वेळ आली. पावसाळ्यानंतर एका संध्याकाळी भाऊसो वाजवत असताना चंद्राबाई ओरडल्या, "आवं, रगात!" जाड तारेची गुंडाळी झिजून तिचं एक कूस वर आलं होतं, त्याने तर्जनी चिरली होती. वाद्याच्या मानेवर रक्ताचा ओघळ, आणि भाऊसोंना पत्ता नाही. जखम भरायला दीड महिना लागला. सांगलीच्या डॉक्टरांनी विचारलं, "एवढं चिरलं आणि तुम्हाला कळलं नाही?"

"वाजवायच्या नादात हुतो," भाऊसो म्हणाले.

डॉक्टरांनी नायलॉनचा एक बारीक धागा काढला. "डोळे मिटा. बोटाला लागला की सांगा." भाऊसोंनी डोळे मिटले, पण पापण्यांत एक फट ठेवली. डॉक्टरांचा हात खाली आला की म्हणायचे, "लागला." पुन्हा आला की, "आता." डॉक्टरांनी कागदावर काहीतरी ठीक म्हणून लिहिलं. जन्मभर दुसऱ्यांचा खोटा माल पकडणाऱ्या माणसाने स्वतःचा खोटा माल असा पास करून घेतला. शेजारच्या खुर्चीवर चंद्राबाई पदराशी चाळा करत बसल्या होत्या.

"गुळगुळीत गुंडाळीच्या तारा मिळतात, तशा घ्या," डॉक्टर उठता उठता म्हणाले. "पुन्हा बोट चिरलं तर मात्र हे वाद्य बंद. साखरेत एवढ्याशा जखमेपायी बोट काढायची वेळ येते."

तिथून दोघं थेट वल्लरीच्या दुकानात गेले. सांगलीत तिच्या वडिलांचं हार्मोनियम-तबल्याचं जुनं दुकान. आता ते तीच बघते, आणि एका भिंतीवर तिने गिटार आणि युकुलेले टांगलेत. तिने तीन पाकिटं उघडून तारा काचेवर ठेवल्या. एक साधी गुंडाळीची. दुसरी घासून गुळगुळीत केलेली. तिसरी म्हणजे सपाट पट्टी गुंडाळलेली. ती काही सांगायच्या आत भाऊसोंनी हात वर केला. "सांगू नगंस. मी बगतो."

त्यांनी पहिली तार अंगठा-तर्जनीत धरली, डोळे मिटले, फिरवली. हवा. दुसरी. हवा. तिसरीचंही तेच. पोरगी बघत होती, स्टुलावर बसलेली चंद्राबाई बघत होती. मग त्यांनी डोळे किलकिले केले. एक तार लखलखत होती, एक मळकट होती, एक मधलीच. जे गुळगुळीत ते चमकणार, एवढा हिशेब त्यांनी केला आणि लखलखणारी उचलली. "ही."

"आजोबा, ती साधी आहे. नवी आहे म्हणून चमकतेय. तुमच्या बोटाला ही मधली—"

"मला शिकवतीस व्हय? तुज्या जन्माआदीपासनं ह्या बोटांनी सूत तपासलंय."

मधलीच्या पाकिटावर धूळ होती, तीही त्यांनी हेरली होती. खपत नसलेला माल पोरगी म्हाताऱ्याच्या गळ्यात मारत होती, दुसरं काय! वल्लरीने चंद्राबाईंकडे पाहिलं. चंद्राबाई म्हणाल्या, "दे बाई, त्ये म्हनत्यात तीच दे."

घरी येऊन तार चढवली. खुंटीपाशी तारेचं जे टोक उरतं त्याला भाऊसोंनी लाल दोरा बांधला. मिलमध्ये तपासलेल्या कोनाला असाच लाल दोरा असायचा, मागाहून कुणी अदलाबदल करू नये म्हणून. ती गाठ मारायला त्यांना पाव तास लागला आणि दात लावावे लागले. गुरुवारी देवळात प्रत्येक वेळी बोट सरकलं की तार किंचाळली. मृदंग वाजवणाऱ्या त्यांच्या दोस्ताने, गुंडाने, मधेच थाप थांबवून विचारलं, "भाऊसो, उंदीर धरलास काय त्यात?" सगळे हसले. भाऊसोंनी पोरीला मनातल्या मनात शिव्या घातल्या. हिनेच पाकिटात आधी भलतीच तार भरून ठेवली असणार, त्यांची निवड चुकणं शक्यच नव्हतं.

आणि शनिवारी तार गप्प. बोट वरपासून खालपर्यंत सरकवलं तरी चूं नाही. लाल दोरा मात्र जागच्या जागी.

भाऊसो चौकशीला लागले. पहिला संशय गुंडावर. गुरुवारी वाद्य त्याने हातात घेतलं होतं. रविवारी सकाळी त्याच्या दारात जाऊन त्यांनी आडून आडून विचारलं. गुंडा म्हणाला, "आरं, मी तुजी तार चोरीन कशाला? आन चोरली तर दुसरी चांगली घालून जाईन व्हय? मी काय येडा हाय?" हे बिनतोड होतं, म्हणूनच भाऊसोंना ते खोटं वाटलं. मग आठवलं, शुक्रवारी चंद्राबाई डोळ्यांचं औषध आणायला वडापच्या जीपने सांगलीला गेल्या होत्या, आणि औषधाची बाटली काही घरात दिसली नव्हती. सांगलीत ही कुणाला भेटली? पोरीचं आणि हिचं काही संगनमत? पण कशासाठी? कारण सापडेना, आणि कारण न सापडणाऱ्या गोष्टी भाऊसोंना सगळ्यात धोक्याच्या वाटत.

सोमवारी त्यांनी युकुलेले पिशवीत घातलं आणि चंद्राबाईंना न सांगता दुकान गाठलं. काउंटरवर वाद्य ठेवून म्हणाले, "ही तार मी घेतलेली न्हवं. कुनी बदलली?"

वल्लरीने तार पाहिली, भाऊसोंकडे पाहिलं आणि हार्मोनियमची धूळ पुसायला लागली. "चांगली वाजतेय ना, आजोबा?"

"चांगलं-वाईट म्या इचारलं न्हाई. शुक्रवारी हितं कोन आलं हुतं?"

"शुक्रवारी बाजार असतो. वीस माणसं येतात."

"खोटं बोलतीस."

पोरीचा चेहरा पडला. खाई त्याला खवखवे, असं भाऊसो मनात म्हणत होते, तेवढ्यात तिने ड्रॉवरमधून एक भिंग काढून त्यांच्यापुढे सरकवलं. "मी शब्द दिलाय, त्यामुळे मी काही सांगणार नाही. तुम्ही तपासणारे ना? मग नीट तपासा."

भाऊसोंनी भिंग डोळ्याला लावलं. तार बघितली, खुंटी बघितली, आणि मग लाल दोरा बघितला. दोरा त्यांचाच होता. गाठ त्यांची नव्हती. त्यांनी दात लावून मारलेली गाठ म्हणजे एक गबाळा गोळा होता. ही चपटी होती, घट्ट होती, टोकं नखाने तोडलेली. वाइंडिंगची गाठ. ती मारता येणाऱ्या बायका मिलबरोबर पांगल्या, निम्म्या तर वरही गेल्या. उरलेल्यांपैकी एकच त्यांच्या घरात वावरत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि युकुलेले पुन्हा पिशवीत घातलं.

निघताना वल्लरीने आणखी एक पाकीट त्यांच्या पिशवीत घातलं. "ही शेजारची तार. तीही गुळगुळीत गुंडाळीची लावली की जोडी बसेल. पण आधी आजींना दाखवा."

चोर सापडला की एरवी भाऊसोंना ढेकर दिल्यासारखं समाधान वाटायचं. त्या दिवशी वडापमध्ये दोन उसाच्या वाढ्यांच्या मोळ्यांमध्ये चेंगरून बसलेल्या भाऊसोंना भीती वाटत होती. तार बदलली म्हणजे ती खरखरीत होती हे तिला कळलं होतं. आणि ते कळलं म्हणजे ह्यांना कळलं नव्हतं, हेही कळलं होतं. कधीपासून? मग वर्षभर टिपून ठेवलेली एकेक गोष्ट पुढे यायला लागली. स्टीलचा पेला: त्यात चहा किती कढत आहे हे आता बोटांना कळत नव्हतं. विसणलेलं पाणी. लपवलेला अडकित्ता. दिवाळीत गादीचं कापड ह्यांनी हात फिरवून पहिल्या प्रतीचं ठरवलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी गादीला भलतंच कापड लागलं होतं. प्रत्येक गोष्टीत त्यांनी बायकोचा डाव शोधला होता. डाव होताच. तो ह्यांची बोटं वाचवायचा होता.

घरी चंद्राबाई बाहेरच्या सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. भाऊसो चप्पल न काढताच उभे राहिले.

"गाठ तुजी हाय."

"मग काय गुंडाभावजींची आसंल?" चंद्राबाईंनी वर न बघता विचारलं.

"माज्या मालाला हात लावलासच कसा तू?"

"माल तुमचा, पर बोट? त्ये माजं बी हाय. त्ये कापून टाकायची पाळी आली तर दवाखान्यात उशाला कोन बसनार? ती पोरगी?"

भाऊसोंचा आवाज उतरला. "कवापासनं ठावं हाय तुला?"

"बोटांचं लय दिसांपासनं. चुलीवरचं भांडं नुसत्या हातानं उचललंसा, चटका बसला तरी गप. खातरी झाली त्या डाक्टरच्या धाग्याला. तुमी डोळं किलकिलं केलं हुतं. मी शेजारीच हुते न्हवं?"

"मग बोलली का न्हाईस?"

चंद्राबाईंनी हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, टरफल बाजूला केलं. "बोलून काय हुनार हुतं? तुमी आजवर कवा कुनाचं ऐकलंया? म्हनलं आसतं, आवं, बोटं गेली, तर मलाच खोटं पाडलं आसतंसा. रिपोर्ट लिवला आसतासा." त्यांनी आणखी एक शेंग उचलली. "शुक्रवारी दुकानात गेले. पोरीनं तिन्ही तारा पुसून दिल्या. वटावरनं वडून बगितल्या. मधलीच बरी हुती. चढवायची कशी त्ये बी तिनंच शिकवलं."

भाऊसो खाली बसले. त्यांना लाज वाटली, चांगली कानशिलं तापेपर्यंत लाज वाटली. पण लाजेच्या मागून हायसंही वाटलं, रात्रपाळी संपवून भोंगा झाल्यावर वाटायचं तसं. वर्षभर एकटेच पहारा देत होते बिचारे, आणि ज्याच्यापासून लपवायचं ते माणूस त्यांच्याच बाजूने पहाऱ्याला उभं होतं.

त्यांनी पिशवीतून वल्लरीचं पाकीट काढलं, तार सोडवली. सवयीने अंगठा आणि तर्जनी तिच्याकडे गेली. मग त्यांनी ती न तपासताच पुढे धरली. "बग."

चंद्राबाईंनी पदराने तार पुसली, डोळे मिटले आणि खालच्या ओठावरून हळूहळू ओढली. अर्ध्यात थांबल्या. मागे नेली, पुन्हा ओढली. भाऊसो बघत राहिले. पंचेचाळीस वर्षांपूर्वी त्यांनी हेच पाहिलं होतं, आणि त्यांना त्यात फक्त थुंकी दिसली होती.

"न्हाई," चंद्राबाई म्हणाल्या. "हितं मदीच खरखरतंय. नगं."

पोरीने मुद्दाम दिली असेल का, असा एक किडा भाऊसोंच्या डोक्यात वळवळलाच. जित्याची खोड ती, एका दिवसात कशी जाणार! पण त्यांनी तार परत पाकिटात घातली, फळीवरून तांबडी पेन्सिल काढली आणि पाकिटावर लिहायला बसले.

"आता कुनावर रिपोर्ट?" चंद्राबाईंनी विचारलं.

भाऊसोंनी पाकीट त्यांच्यापुढे केलं. वर लिहिलं होतं 'नापास'. खाली, जिथे सगळी वर्षं त्यांची सही असायची तिथे लिहिलं होतं, 'तपासणार: चंद्राबाई खोत'. चंद्राबाईंनी ते दोनदा वाचलं आणि पाकीट सुपाशेजारी ठेवून पुन्हा शेंगा फोडायला घेतल्या. तार दुसऱ्याच दिवशी बदलून आली.

पुढच्या महिन्यात डॉक्टरांनी पुन्हा तो धागा काढला. "डोळे मिटा. लागला की सांगा." भाऊसोंनी डोळे घट्ट मिटले, लहान पोरं मिटतात तसे, अगदी गाल वर येईपर्यंत. एक बोट तपासून झालं, दुसरं झालं, दहाही बोटं झाली.

"आजोबा, लागतोय का?"

"न्हाई," भाऊसो म्हणाले, आणि डोळे तसेच मिटून ठेवले.